उत्तर कोणी द्यावयाचे?

नार्व्याच्या अंगाने मांडवी वाहते. अशा नदीकाठच्या गावांतील खाजन जमिनी खारे पाणी थोपविणाऱ्या बांधांच्या आधारावर पिकत आल्या. बांधात पाण्याच्या वाटेवर जी दारे बसवितात, त्यांस मानस म्हणतात. भरतीला ती मिटतात, ओहोटीला उघडतात. मानशीवर मासळी धरण्याचा हक्क लिलावाने देण्याची चालही जुनी आहे. आता कल्पना करावी की, एका रात्री ती दारे निखळली आणि उभे शेत खारावले. ज्याच्या टोपलीत रोज मासळी पडत होती तो म्हणाला, ‘दारे भरतीने मोडली, मी तर घरी निजलो होतो,’ तर गाव तेवढ्यावर उठून जाईल काय? त्याने दारे मोडली असे कोणी म्हणणार नाही. परंतु ती खिळखिळी झाली होती हे त्यास ठाऊक होते काय, हा प्रश्न त्यालाच विचारला जाईल. दोषी असणे निराळे आणि उत्तर देण्यास बांधलेले असणे निराळे. राज्यकारभारात मात्र या दोहोंची गल्लत होते, आणि ती पुष्कळांच्या सोयीची असते.

आमच्याच डिचोली तालुक्यातील शिरगाव येथे ३ मे २०२५ च्या पहाटे श्रीलईराई देवीच्या जत्रेत चेंगराचेंगरी झाली. सहा भाविक मृत्यू पावले, पन्नासांहून अधिक जखमी झाले. व्रतस्थ धोंड हाती वेताची काठी घेऊन होमकुंडाच्या निखाऱ्यांवरून चालतात, ही जत्रा साऱ्या गोव्यास परिचित आहे. तिची तिथी ठरलेली, वाट ठरलेली, गर्दी दरवर्षीची. भूकंप सांगून येत नाही; वैशाख शुद्ध पंचमी पंचांगात छापलेली असते.

त्यानंतर जिल्हाधिकारी व पोलीस अधीक्षक यांच्यासह काही अधिकाऱ्यांच्या बदल्या झाल्या, आर्थिक साहाय्य जाहीर झाले, चौकशी समिती बसली, आणि अपयश सामूहिक होते असा निष्कर्ष निघाला. त्याच वर्षी ६ डिसेंबरच्या रात्री हडफडे येथील नाइट क्लबच्या आगीत २५ जीव गेले. तेथेही चौकशी आणि निलंबने यांचा क्रम चुकला नाही. हे सारे निरर्थक होते असे आम्ही म्हणत नाही. परंतु बदली म्हणजे काय होते ते पाहावे. ज्या खुर्चीला प्रश्न विचारावयाचा, तिच्यावर नवा मनुष्य येऊन बसतो. आणि तो अगदी प्रामाणिकपणे सांगू शकतो की, मी तेव्हा येथे नव्हतो.

‘सामूहिक’ या शब्दाविषयी वकिलीच्या व्यवसायातील एक गोष्ट सांगावीशी वाटते. चौघांनी मिळून कर्ज घेतले, तर १८७२ च्या भारतीय करार कायद्याप्रमाणे, वेगळा करार नसल्यास, सावकार त्यांतील कोणाही एकाकडे संपूर्ण रक्कम मागू शकतो. वाटे कसे करावयाचे, हे चौघांनी मागाहून आपसांत पाहावे. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने सामूहिक दायित्वाने भार हलका होत नाही. तो प्रत्येकाच्या शिरावर पुरा बसतो. सार्वजनिक जीवनात आम्ही याच्या नेमका उलटा अर्थ रूढ केला आहे. पोलीस पंचायतीकडे, पंचायत देवस्थानाकडे, देवस्थान प्रशासनाकडे बोट दाखविते. आणि ज्याच्या घरातील माणूस गेला त्याने चार कचेऱ्यांचे उंबरठे झिजवून पाव पाव उत्तर गोळा करावयाचे! हा कोठला न्याय?

राज्यघटनेच्या १६४ व्या अनुच्छेदानुसार मंत्रिमंडळ विधानसभेस सामूहिकरीत्या जबाबदार आहे. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने राज्य प्राधिकरणाचे अध्यक्षपद मुख्यमंत्र्यांकडे आणि जिल्हा प्राधिकरणाचे जिल्हाधिकाऱ्यांकडे दिले आहे. तेव्हा उत्तराचे धनी कोण, हे शोधावयास फार दूर जावे लागत नाही.

यावर आक्षेप येईल की, मंत्री काही त्या उतारावर उभा नव्हता. दुसऱ्याच्या चुकीसाठी त्याने का पायउतार व्हावे? आक्षेप रास्त आहे. १९५६ च्या नोव्हेंबरात अरियलूर येथे रेल्वेचा भीषण अपघात झाला, तेव्हा लालबहादूर शास्त्रींनी रेल्वेमंत्रिपद सोडले. पंडित नेहरूंनी त्यांचा दोष नाही हे मान्य करूनच, घटनात्मक औचित्य म्हणून, तो राजीनामा स्वीकारला. हे उदाहरण आपण वारंवार सांगतो, आणि राजीनामा हेच उत्तर अशी समजूत करून घेतो. २००८ च्या मुंबईवरील हल्ल्यानंतर महाराष्ट्राचे मुख्यमंत्री व गृहमंत्री दोघेही गेले. पुढील वर्षी गृहमंत्री त्याच खात्यावर परतले. परतण्यास आमची हरकत नाही. परंतु मधल्या काळात सामान्य नागरिकास काय कळले, हे विचारावयास नको काय? हिशेब न देता सोडलेले पद हीसुद्धा एक प्रकारची बदलीच होय.

म्हणून आमची मागणी राजीनाम्याहून लहान आणि तरीही अवघड आहे. ज्याच्या हाती अधिकार होता त्याने, दुःखी कुटुंबांस ऐकू जाईल अशा ठिकाणी उभे राहून, आपल्या तोंडाने सांगावे : आम्हांस काय ठाऊक होते, काय ठाऊक असावयास हवे होते, कोणती सूचना आली होती आणि ती कोणत्या टेबलावर पडून राहिली. साहाय्याचा धनादेश या चार वाक्यांची जागा घेऊ शकत नाही. जत्रेच्या दिवशी मानाचा नारळ स्वीकारणाऱ्यास मानशीची मासळी मिळालेली असते.

आणि आम्ही भाविक? देवीसमोर आधी पोहोचण्याच्या घाईत पुढच्याच्या पाठीवर रेटा देणारे हात आमचेच असतात. करार कायद्याचा न्याय आम्हांसही लागू आहे. आमच्या वाट्याचे उत्तर आम्ही सरकारच्या दारी टाकून मोकळे होऊ शकत नाही. परंतु आमचा रेटा पुढे करून सरकारासही मोकळे होता येणार नाही. बांध फुटला तर दोघांचेही शेत खारावते.