सुन जिहाईला सन्मान कशासाठी?

ऑक्टोबर २०१५ मध्ये मँचेस्टरच्या नॅशनल फुटबॉल म्युझियमने सुन जिहाई या चिनी बचावपटूला आपल्या ‘हॉल ऑफ फेम’मध्ये स्थान दिलं आणि इंग्लंडभर त्याची टिंगल झाली. बॉबी चार्लटन आणि जॉर्ज बेस्ट यांच्या पंक्तीला एक राइट-बॅक, तोही मँचेस्टर सिटीला कुठलाही मोठा करंडक मिळत नव्हता त्या काळातला! टिंगलीला निमित्तही होतं. त्याच आठवड्यात चीनचे राष्ट्राध्यक्ष शी जिनपिंग ब्रिटनच्या दौऱ्यावर होते आणि मँचेस्टर सिटीच्या अकादमीला भेट देणार होते. पुढे दोनच महिन्यांत चिनी गुंतवणूकदारांनी क्लबची मालकी असलेल्या सिटी फुटबॉल ग्रूपचा १३ टक्के हिस्सा ४० कोटी डॉलर मोजून घेतला.

हे सगळं जुनं झालं. पण अलीकडे आपल्याकडच्या एका जाणत्या क्रीडा-स्तंभलेखकांनी हाच धागा धरून एक सिद्धान्त मांडला. आशियाई खेळाडू युरोपात जातो तो टीव्हीचे हक्क आणि जर्सी विकायला. सुन हे त्याचं ठसठशीत उदाहरण आणि म्युझियमचा सन्मान ही त्याची पावती. वर त्यांनी नेहमीचा प्रश्न जोडला: एकशेचाळीस कोटींच्या देशाला अकरा खेळाडू का सापडत नाहीत? लेखकांबद्दल मला आदर आहे. त्यांचा सिद्धान्त मात्र चुकीचा आहे आणि तो एका माणसावर अन्याय करतो.

म्युझियमने वेळ साधली, हे मला मान्य आहे. त्या सन्मानात मुत्सद्देगिरी होती. पण म्हणून सुनची कारकीर्दच बाजाराची देणगी ठरते का?

बाजाराने खेळाडू आणला तर काय होतं, याचे दाखले उपलब्ध आहेत. २००२ साली एव्हर्टनच्या जर्सीवर केजियान या चिनी मोबाइल कंपनीचं नाव आलं आणि त्या करारासोबत ली तिए आणि ली वेइफेंग हे दोघे चिनी खेळाडू क्लबात आले. दार एक, प्रायोजक एक, वर्ष एक. ली तिए त्या मोसमात लीगचे २९ सामने खेळला, ली वेइफेंग एक. मँचेस्टर युनायटेडने २००४ मध्ये दालियानच्या डोंग फांगझुओला घेतलं. प्रीमियर लीगमध्ये तो एकच सामना खेळला, २००७ च्या मे महिन्यात. चिनी प्रेक्षक तिघांच्याही मागे तेवढेच होते. बाजार दारापर्यंत आणून सोडतो. शनिवारी दुपारी संघाच्या यादीत नाव लिहिणारा माणूस वेगळा असतो आणि पुढचा सामना हरला तर नोकरी त्याची जाते.

सुनचा हिशेब या कसोटीवर मांडावा. जन्म १९७७, दालियानचा. १९९८ मध्ये टेरी व्हेनेबल्स प्रशिक्षक असलेल्या क्रिस्टल पॅलेसमध्ये फान झियी या देशबंधूबरोबर तो प्रथम इंग्लंडला गेला. पॅलेस कर्जात बुडाला, सुन परतला आणि दालियानकडून २००० आणि २००१ ची लीग विजेतेपदं जिंकली. फेब्रुवारी २००२ मध्ये केव्हिन कीगन यांनी सुमारे २० लाख पौंड देऊन त्याला मँचेस्टर सिटीत आणलं. सिटी तेव्हा दुसऱ्या श्रेणीत होती आणि वर चढण्यासाठी झगडत होती. त्या मोसमात तिने लीगमध्ये १०८ गोल केले. असा संघ चढाईला निघाला की मागे उरलेल्या बचावपटूंची काय अवस्था होते, हे कुठल्याही मैदानावर राइट-बॅक खेळलेल्याला विचारावं.

त्या जागेचं काम टीव्हीवर फारसं दिसत नाही, कारण कॅमेरा चेंडूमागे जातो. चेंडू डाव्या बगलेला असतो तेव्हा राइट-बॅकला आपली कड सोडून आत, मधल्या बचावपटूच्या जवळ सरकावं लागतं. नजर चेंडूवर ठेवून दर दोन-तीन सेकंदांनी खांद्यावरून मागे पाहावं लागतं, कारण प्रतिस्पर्ध्याचा विंगर नेमका पाठीमागे, दूरच्या खांबाकडे सरकत असतो. दोन पावलं जास्त आत गेलात तर लांब क्रॉस त्याच्या डोक्यावर, दोन पावलं बाहेर राहिलात तर मधे खिंडार. हे नव्वद मिनिटं बरोबर केलं तर नोंद होत नाही. एकदा चुकलं की ते रात्री पुन्हा पुन्हा दाखवतात. सुन हे काम उजवीकडे करायचा, गरज पडली तर डावीकडे आणि मधल्या फळीतही. ऑक्टोबर २००२ मध्ये बर्मिंगहॅमविरुद्ध त्याने गोल केला. प्रीमियर लीगमधला चिनी खेळाडूचा तो पहिला गोल. वर्तमानपत्रांनी तोच लक्षात ठेवला. मला महत्त्वाची वाटते ती दुसरी गोष्ट. कीगन गेले, स्टुअर्ट पिअर्स आले, मग स्वेन-गोरान एरिक्सन आले. तिघांच्या फुटबॉलविषयीच्या कल्पना निराळ्या. मधे गुडघ्याच्या अस्थिबंधाची दुखापत होऊन त्याचा जवळजवळ अख्खा मोसम वाया गेला. तरी २००८ पर्यंत सिटीसाठी त्याचे लीगचे सुमारे १३० सामने झाले. एका प्रशिक्षकाला बाजाराची भूल पडली असेल म्हणा. तिघांना, तेही सहा वर्षं?

इथवर माझा युक्तिवाद सरळ आहे: माणसाला त्याच्या खेळाने न्याय दिला. पण ली तिए आडवा येतो आणि त्याला वळसा घालून पुढे जाता येत नाही.

१ जानेवारी २००३ रोजी गुडिसन पार्कवर एव्हर्टन आणि सिटी भिडले. एका बाजूला ली तिए, दुसऱ्या बाजूला सुन. सामना २-२ बरोबरीत. चीनमध्ये तो ३६ कोटी लोकांनी पाहिला असं तेव्हा सांगितलं गेलं. ली तिएच्या मेहनतीबद्दल कुणालाच शंका नव्हती. हाच ली तिए पुढे चीनच्या राष्ट्रीय संघाचा प्रशिक्षक झाला आणि डिसेंबर २०२४ मध्ये लाचखोरीबद्दल त्याला २० वर्षांची कैद झाली. प्रशिक्षकपद मिळवण्यासाठीही पैसे चारल्याचं त्याने सरकारी वाहिनीवर कबूल केलं. इंग्लंडमध्ये ज्याला सामन्याच्या संघात खेळावर जागा मिळाली, त्याला मायदेशी ती विकत घ्यावी लागली. गुण आणि कष्ट माणसाला मैदानापर्यंत नेतात, त्यापुढे व्यवस्था सुरू होते.

२००२ च्या विश्वचषकाचा चिनी चमू डोळ्यांसमोर आणावा. चीन आजवर तेवढ्याच विश्वचषकात खेळला. तिन्ही सामने हरला, नऊ गोल खाल्ले, एकही केला नाही. सुन पहिल्याच सामन्यात, कोस्टा रिकाविरुद्ध, २६ व्या मिनिटाला जखमी होऊन बाहेर गेला. त्याच चमूतले ची होंग आणि गोलरक्षक जियांग जिन यांना २००३ चा एक लीग सामना विकल्याबद्दल २०१२ मध्ये तुरुंगवास झाला. त्या विश्वचषकात शिट्टी वाजवणारे चिनी पंच लू जुन यांनाही त्याच वर्षी लाचखोरीबद्दल साडेपाच वर्षांची शिक्षा झाली. ज्या शेनयांगच्या वुलिहे स्टेडियमवर ओमानला १-० हरवून चीन विश्वचषकात पोहोचला, ते २००७ मध्ये पाडलं गेलं. सुन ज्या दालियान क्लबकडून जिंकला, तो २०१३ मध्ये विसर्जित झाला. आठ वेळा लीग जिंकलेला ग्वांगझू क्लब जानेवारी २०२५ मध्ये कर्जापायी बंद पडला. चिनी फुटबॉल संघटनेचे माजी अध्यक्ष चेन शुयुआन २०२४ पासून जन्मठेप भोगत आहेत.

लोकसंख्येच्या प्रश्नाचं उत्तर या यादीतच आहे. २०२६ च्या विश्वचषकात आशियाला आठ थेट जागा होत्या. उझबेकिस्तान आणि जॉर्डन पहिल्यांदाच पात्र ठरले, चीन नाही. जॉर्डनची लोकसंख्या मुंबईपेक्षाही कमी आहे. खेळाडू खानेसुमारीतून निघत नाहीत. ज्या लहान मुलाला आपली निवड पैशांवर होणार नाही अशी खात्री असते, तोच दहा वर्षं रोज सरावाला येतो. ती खात्री चीनच्या मुलांकडून त्यांच्याच वडीलधाऱ्यांनी काढून घेतली. निवृत्तीनंतर सुनने दुर्गम भागांतली मुलं हेरून त्यांना घडवण्याचं काम हाती घेतलं, ते मला म्हणूनच त्याच्या बर्मिंगहॅमच्या गोलाहून मोठं वाटतं.

हा विषय आपल्याला परका नाही. ज्या सिटी फुटबॉल ग्रूपमध्ये चिनी पैसा आला, त्याच ग्रूपने २०१९ मध्ये मुंबई सिटीचा ६५ टक्के हिस्सा घेतला. तेव्हाही आपण बाजार, प्रेक्षकसंख्या आणि विदेशी भांडवल यांचीच चर्चा केली. मुंबईतली, कोल्हापुरातली, गोव्यातली तेरा-चौदा वर्षांची मुलं निवडतं कोण, कुठल्या निकषावर निवडतं, डावललेल्या मुलाला कारण सांगितलं जातं का, हे विचारणारे फार थोडे होते.

स्तंभलेखकांना माझं सांगणं एवढंच की सन्मान खोटा ठरवायचा तर म्युझियमचं कारण खोडा, खेळाडूला खोडू नका. सुन जिहाईचं नाव त्या भिंतीवर राहिलं पाहिजे. त्याखाली चीन आणि ब्रिटनच्या मैत्रीऐवजी तीन प्रशिक्षक, सहा वर्षं आणि एकशेतीस सामने एवढंच लिहावं.