चिंतेची गोळी आणि आमचा उपदेश

चिंता घालविण्यासाठी गोळी घेणे हे विश्वासाच्या उणेपणाचे लक्षण होय काय, असा प्रश्न कळमनुरी तालुक्यातील एका मंडळीत आम्हास विचारण्यात आला. पूर्वी ह्याचे उत्तर आम्ही फार झटकन देत असू. एका विधवा बहिणीस ते तसेच दिले होते. पती वारलेला, हळदीच्या पिकावर काढलेले कर्ज फिटेना, रात्र रात्र डोळ्यास डोळा लागेना; म्हणून आठ महिने ती अल्प्राझोलामची गोळी घेत असे. आम्ही म्हणालो, "बाई, गोळी टाकून द्या आणि प्रार्थना करा." आमच्या शब्दाचा मान राखून तिने त्याच रात्री गोळी बंद केली. तिसऱ्या दिवशी हात थरथरू लागले. चौथ्या दिवशी चुलीपुढेच फेपरे येऊन ती पडली. देवकृपेने चूल विझलेली होती.

दोष औषधाचा की आमचा? आपल्या मेंदूत मज्जातंतूंची खळबळ आवरून धरणारे एक द्रव्य स्वभावतःच असते; त्यास गाबा म्हणतात. अल्प्राझोलाम, डायझेपाम, क्लोनाझेपाम, लोराझेपाम ह्या गोळ्या त्याचे बळ वाढवितात, म्हणून छातीची धडधड थोड्याच वेळात बसते. हा गुण खरा आहे, व अतिशय घाबरलेल्या मनुष्यावर तो मोठा उपकार होय. परंतु रोज घेत गेल्यास काही आठवड्यांत मेंदू त्या आधारास सरावतो आणि स्वतःचा लगाम सैल सोडतो. मग आधार एकाएकी निघाला म्हणजे आवरलेली खळबळ दुपटीने उसळते. ह्याकरिताच ह्या गोळ्या बहुधा दोन ते चार आठवड्यांपलीकडे नेऊ नयेत, आणि लांबल्याच तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली मात्रा थोडीथोडी घटवीत सोडाव्यात, असा वैद्यकाचा नियम आहे.

दारूबरोबर ह्या गोळ्या घेतल्यास श्वास मंदावून मनुष्य दगावू शकतो. वृद्ध त्यांच्या गुंगीत पडून खुबा मोडून घेतात. मालेगावात अल्प्राझोलामला कुत्ता गोळी असे नाव पडले आहे आणि तरुण ती नशेसाठी घेतात, हे पुष्कळांच्या कानी आलेच असेल. सरकारने 2014 सालापासून ह्यांपैकी अल्प्राझोलामसारख्या काही औषधांस अनुसूची एच-1 लागू केली. रोग्याचे व डॉक्टरांचे नाव दुकानदाराने वहीत लिहून ती तीन वर्षे जपावी लागते. इतका बंदोबस्त असता आमच्या भगिनी मात्र, "मला गुण आला, तूही घेऊन पाहा," म्हणून आपल्या पाकिटातील दोन गोळ्या शेजारणीस देतात! ह्यास त्या शेजारधर्म समजतात.

मधुमेहाची गोळी घेणाऱ्यास विश्वासाचा हिशेब कोणी विचारीत नाही. मग हिलाच का विचारावा? प्रार्थना करा, हे आमचे म्हणणे चुकले नव्हते. टाकून द्या, असे म्हणण्याचा अधिकार आम्हास नव्हता. तिकडे, ज्या डॉक्टरांनी चिठ्ठी दिली त्यांनी आठ महिन्यांत कर्जाची गोष्ट एकदाही विचारली नाही, हेही खरे. गोळीने सावकार दारातून उठत नाही. दीर्घकाळच्या चिंतेवर एसिटालोप्रामसारखी निराळी औषधे आहेत. त्यांचा गुण काही आठवड्यांनी दिसतो व त्यांची तलफ लागत नाही, तरी तीही आपल्या मनाने बंद करू नयेत. दुःख ऐकून घेणारा जाणता मनुष्य भेटणे हाही उपचारच आहे. टेली-मानसची 14416 ही सरकारी दूरध्वनी सेवा 2022 साली सुरू झाली; ती रात्रंदिवस चालते व तिला पैसे पडत नाहीत. तो आकडा आम्ही प्रार्थनामंदिराच्या दाराआड खडूने लिहून ठेवला आहे.

त्या बहिणीची गोळी डॉक्टरांनी पुन्हा सुरू केली आणि पाच महिने थोडीथोडी कमी करीत आणली. शेवटचे पाव गोळीचे दिवस सर्वांत जड गेले, असे ती सांगते. त्या दिवसांत मंडळीतील दोघी आळीपाळीने तिच्याकडे निजावयास जात. कर्जाचा एक हप्ता अजून बाकी आहे.