‘न पोहोचलेले’ म्हणजे नेमके कोण?

‘जोशुआ प्रोजेक्ट’ हे अमेरिकेतून चालणारं संकेतस्थळ ज्यांनी पाहिलं नसेल त्यांनी एकदा जरूर पाहावं. ख्रिस्ती नसलात तरी. किंबहुना नसलात तर आधी पाहावं, कारण त्यात तुम्ही आहात. जगातल्या लोकसमूहांची ही एक अवाढव्य वही आहे. १९९५ साली तिची सुरुवात झाली आणि देशवार मोजले तर आज तिच्यात सतरा हजारांच्या आसपास समूह आहेत. प्रत्येकाला एक स्वतंत्र पान. लोकसंख्या किती, घरात बोलतात ती भाषा कोणती, मुख्य धर्म कोणता, ख्रिस्ती किती टक्के, त्या भाषेत बायबल झालं आहे का आणि या लोकांसाठी देवाजवळ काय मागावं. ज्या ख्रिस्ती माणसाला दूरदेशी जाऊन सुवार्ता सांगायची आहे, किंवा घरी बसूनच जगासाठी प्रार्थना करायची आहे, त्याच्यासाठी ही सोय. मराठा, कुणबी, माळी, ब्राह्मण, भिल्ल, सगळे तिथे हजर आहेत आणि बहुतेकांपुढे लाल खूण आहे. लाल म्हणजे ‘अनरीच्ड’. न पोहोचलेले.

या वहीवर रागावणं सोपं आहे. पण माझ्या मते खरा प्रश्न त्या एका शब्दात दडला आहे, आणि तो निव्वळ धर्मांतराच्या बाजूचा की विरोधातला असा नाही.

‘न पोहोचलेले’ ठरवायचं कसं? नियम असा : ज्या समूहात इव्हॅन्जेलिकल ख्रिस्ती दोन टक्क्यांपर्यंतच आहेत आणि सगळ्या पंथांचे मिळून ख्रिस्ती पाच टक्क्यांपर्यंतच आहेत, तो समूह अनरीच्ड. आता नीट पाहा. शब्द आहे पोहोचण्याचा आणि मोजलं जातं आहे ते मान्य करणं. ज्याने कधी ऐकलंच नाही तो, आणि ज्याने ऐकून, विचार करून ‘नको’ म्हटलं तो, हे दोघे एकाच रकान्यात जातात. नकाराला या वहीत जागा नाही.

महाराष्ट्रात तर हे फारच विचित्र दिसतं. अमेरिकन मराठी मिशन मुंबईत आलं १८१३ साली. १८३१ मध्ये स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन आणि मोरभट दांडेकर यांचा मुंबईत जाहीर वाद झाला. त्यानंतर मोरभटांनी आपली बाजू ‘हिंदुधर्मस्थापना’ या नावाने छापली आणि विल्सननी त्याचं उत्तर छापलं. उत्तरेत बंडाचा वणवा पेटला त्याच वर्षी, १८५७ साली, विष्णुबावा ब्रह्मचारी मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर मिशनऱ्यांशी आठवड्यामागून आठवडे वाद घालत होते. ते वाद पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले ते जॉर्ज बोवेन या अमेरिकन मिशनऱ्याने. त्या माणसाचं मला कौतुक वाटतं. आपल्याला विरोध करणाऱ्याचं म्हणणं आपल्याच खटाटोपाने छापायचं, याला एक प्रकारची धर्मश्रद्धाच लागते. ज्या समाजाशी हे सगळं झालं त्या समाजापुढे दोन शतकांनंतर ‘न पोहोचलेले’ अशी खूण करायची, तर बोवेनच्या श्रमांचं काय झालं?

याची दुसरी बाजूही बघू. पंडिता रमाबाई चित्पावन. त्यांनी १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला, पण चर्चमधल्या वडीलधाऱ्यांची मतं आहेत तशी गिळायला साफ नकार दिला. आयुष्याच्या अखेरीपर्यंत त्या बायबलच्या मराठी भाषांतरावर काम करत होत्या. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि तरी वारकरी भक्तीची वाट सोडली नाही. या दोघांना वहीच्या हिशेबाने शोधायला गेलं तर ती ‘ब्राह्मण’ नावाच्या खान्यात कुठेतरी दशांश चिन्हाच्या उजवीकडे सापडतील. जातीचा खाना का, तर मिशनच्या विचारात एक पंथ असं मानणारा आहे की माणसं एकेकटी नव्हे, आपल्या जमातीसकट येतात. हा विचार ठामपणे मांडणारे डोनाल्ड मॅकगॅव्हरन यांचा जन्म आपल्या शेजारच्या दमोहचा, १८९७ चा. निरीक्षण म्हणून त्यात तथ्य आहे. पण देवापुढे सगळे समान असं सांगायला निघालेल्या माणसाने जातीच्या यादीवर बोट ठेवून निघावं, हे मला तरी पचत नाही.

नकार मोजलाच जात नसेल तर तो ऐकलाही जात नाही. नोव्हेंबर २०१८ मध्ये जॉन ॲलन चाऊ हा सव्वीस वर्षांचा अमेरिकन तरुण अंदमानातल्या उत्तर सेंटिनेल बेटावर गेला. तो दुष्ट नव्हता. वर्षानुवर्षं तयारी केली होती, भाषाशास्त्राचं शिक्षण घेतलं होतं. एका भेटीत बेटावरच्या एका पोराने सोडलेला बाण त्याच्या हातातल्या बायबलमध्ये घुसला. याहून स्पष्ट ‘नको’ कोणत्या भाषेत म्हणतात? तो परतला, टिपणं लिहिली आणि पुन्हा गेला. मारला गेला. त्याला नेऊन सोडणारे कोळी तुरुंगात गेले.

इतक्या लांब जायची गरज नाही. शहादा तालुक्यात तापीच्या काठी सारंगखेडा आहे. तिथल्या एकमुखी दत्ताची जत्रा आणि जत्रेतला घोडेबाजार सगळ्यांना ठाऊक आहे. घोडा घेणारा दात बघतो, भोवरे बघतो, पंचकल्याणी आहे का बघतो. त्याचं ज्ञान अस्सल असतं, पिढ्यान्‌पिढ्यांचं असतं आणि ते घोड्याच्या काही कामाचं नसतं. तुलना कटू आहे, पण खानदेशच्या भिल्लांबद्दलची पुष्कळशी लिखित माहिती याच जातीची आहे. १८२५ मध्ये आउट्रमने भिल्ल पलटण उभारली तेव्हा त्यांची माहिती हवी होती ती बंदोबस्तासाठी. १८८० च्या गॅझेटियरला हवी होती राज्यकारभारासाठी. मिशनच्या वहीचा हेतू यांच्यापेक्षा कितीतरी प्रेमळ आहे. पण आपल्याला हवं तेवढंच पाहायची सवय तीच.

आणि न दिसलेलं किती मोठं आहे! १९३८ च्या सुमारास तळोद्याजवळच्या मोरवडच्या गुलाम महाराजांनी भिल्लांमध्ये एक चळवळ उभी केली. दारू सोडा, स्वच्छ राहा, एकमेकांना ‘आप’ म्हणा. ज्यांना उभ्या मुलखाने अरेतुरे केलं त्यांनी आपसात आदरार्थी बोलायचं, हाच धर्म. ‘आप की जय’ हा त्यांचा घोष. आरतीला एवढी गर्दी होऊ लागली की सरकार घाबरलं. पुढे १९७२ च्या सुमारास याच शहादा तालुक्यात अंबरसिंग महाराजांच्या भजनी मंडळींतून श्रमिक संघटनेपर्यंत वाट गेली. गेलेल्या जमिनी आणि मजुरीचे दर हे तिचे विषय होते. म्हणजे ही माणसं धर्म या गोष्टीचा आपल्या डोक्याने विचार करून मोकळी झालेली आहेत. देवमोगरा मातेला नवस बोलणारा, दत्ताच्या जत्रेत हिंडणारा आणि ‘आप की जय’ म्हणणारा माणूस ‘मुख्य धर्म’ या एका रकान्यात कसा भरायचा?

यावरून कुणी म्हणेल, तर मग आदिवासींना जसे आहेत तसे राहू द्या. हे मला मुळीच मान्य नाही. ‘राहू द्या’ म्हणणाराही त्यांच्या वतीनेच बोलतो. आपला देव बदलायचा हक्क पुण्याच्या रमाबाईंना आणि नवापूरच्या मावचीला नाही, असं कसं? विसाव्या शतकाच्या आरंभापासून स्कँडिनेव्हियन मिशनरी नंदुरबार-नवापूर पट्ट्यात येऊन राहिले. माहिती गोळा करून निघून गेले नाहीत, तिथे राहिले. आज नवापूर भागातले मावची ख्रिस्ती कुणाच्या मोहिमेचं फळ म्हणून जगत नाहीत. ते तिथले शेतकरी आहेत, शिक्षक आहेत, नर्स आहेत.

मिशनच्या वहीखात्याचं एक ऋणही मानायला हवं. २०११ च्या जनगणनेने ‘भिली/भिलोडी’ या एकाच मथळ्याखाली एक कोटी चार लाख माणसं घातली. मावची, वसावी, पावरी यांना वेगवेगळ्या भाषा म्हणून नावं आणि संकेत आहेत ते आयएसओ ६३९-३ या आंतरराष्ट्रीय यादीत, आणि ती यादी सांभाळते एसआयएल ही बायबल भाषांतराच्या ध्येयातून उभी राहिलेली संस्था. तिचा ‘एथ्नोलॉग’ १९५१ पासून निघतो. अहिराणीचा संकेतही त्याच यादीत मिळतो. उद्या मावचीचा कीबोर्ड करायला कुणी बसलं तर त्याला या यादीकडेच यावं लागेल, मग तो ख्रिस्ती असो वा नसो. माहिती हेतूच्या बाहेर पडून भलत्याच्याच उपयोगी पडली, याचं हे चांगलं उदाहरण.

वाईट उदाहरणही नवापूरच्याच दारात उभं आहे. ख्रिस्ती झालेल्या आदिवासींना अनुसूचित जमातींच्या यादीतून काढा, अशी ‘डीलिस्टिंग’ची मागणी गेली काही वर्षं मोर्चे काढून केली जाते. अनुसूचित जातींना असलेली धर्माची अट राज्यघटनेने जमातींना घातलेली नाही. ती आता घालावी, असं हे म्हणणं. अशा वेळी कोणत्या जमातीत ख्रिस्ती किती टक्के, हे गाववार नसलं तरी जमातवार मांडून ठेवणारी वही इंटरनेटवर सगळ्यांसाठी उघडी आहे. ती ज्याने प्रार्थनेसाठी उघडली त्याला तो आकडा फार लहान वाटतो. मोर्चाची तयारी करणारा उघडेल त्याला तोच आकडा फार मोठा वाटेल. आणि ज्याच्याबद्दल तो आहे त्या मावची बाईला, रविवारी मुलांना घेऊन देवळात जाताना, जातीचा दाखला जपून ठेवलेल्या पिशवीची काळजी वाटत असेल, तर त्या काळजीचा रकाना दोघांच्याही वहीत नाही.