घरातील गोष्ट कोणाची?



मनुष्य एकटा जगत नाही. म्हणून त्याच्या आठवणीही त्याच्या एकट्याच्या नसतात. ही साधी गोष्ट मला गेल्या उन्हाळ्यात रायपूरच्या आमच्या घरी समजली.

माझ्या आजीने चार वह्या लिहून ठेवल्या आहेत. लग्न होऊन ती नागपूरहून रायपूरला आली, तेव्हापासूनचे जीवन त्यांत आहे. बूढातालाबाकाठची संध्याकाळ, घरातली मराठी आणि बाहेरची छत्तीसगढी, काटकसरीने चालवलेला संसार, सारे आहे. मी वाणिज्य शाखेत शिकते आणि फावल्या वेळात हिंदीतून मराठीत अनुवादाची सेवा करते. वह्या वाचल्यावर मला वाटले, हे छापून सर्वांच्या हाती द्यावे. बाबांनाही पटले. आजी म्हणाली, "तुम्हाला योग्य वाटेल तसं करा."

पण आत्याने तिसरी वही मिटून मांडीवर ठेवली. म्हणाली, "अगं, यात माझं मोडलेलं लग्न आहे. ते मी माझ्या मुलीलाही सांगितलेलं नाही."

ते लग्न हुंड्यावरून मोडले होते. ऐन वेळी मागणी वाढली आणि आजोबांनी नकार दिला. माझ्या मनात आले, हेच तर समाजाने वाचले पाहिजे! एका घराची लाज राखायची की दहा घरांना धैर्य द्यायचे? अनेक दिवस मी या प्रश्नात अडकले होते.

घरातली गोष्ट उघड करण्याची आपल्याकडे थोर परंपरा आहे. न्यायमूर्ती रानडे १९०१ मध्ये गेले. त्यानंतर १९१० मध्ये रमाबाईंनी 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' प्रसिद्ध केल्या. आपण शिकतो म्हणून घरातल्याच बायकांचा कसा रोष सहन करावा लागला, हे त्यांनी लिहिले. लक्ष्मीबाई टिळकांनी 'स्मृतिचित्रे'मध्ये पतीचा तापट स्वभाव लपवला नाही आणि स्वतःची फजितीही हसत सांगितली. सुनीताबाई देशपांडे यांचे 'आहे मनोहर तरी' १९९० मध्ये आले, तेव्हा पु. ल. हयात होते. त्या पुस्तकावर पुष्कळ चर्चा झाली. या तिघींनी सारे मिटून ठेवले असते, तर मराठी समाज स्वतःला कमी ओळखला असता.

मग मी छापले तर काय चुकले? उत्तर शोधताना एक फरक लक्षात आला. त्या तिघींनी स्वतःचे आयुष्य पणाला लावले होते. टीका झाली तर ती त्यांनाच सोसायची होती. मी मात्र आत्याचे दुःख देऊन स्वतः पुण्य घेणार होते. दान आपल्या वस्तूचे करायचे असते. दुसऱ्याच्या ताटातले उचलून दिले, तर घेणाऱ्याचे पोट भरेल, पण त्याला दान म्हणता येणार नाही.

आमच्या अभ्यासात भारतीय भागीदारी कायदा, १९३२ आहे. त्याच्या कलम १९ प्रमाणे, वेगळा करार किंवा व्यापारातील रूढी नसेल, तर एका भागीदाराला संस्थेची स्थावर मालमत्ता परस्पर दुसऱ्याच्या नावे करण्याचा गर्भित अधिकार नसतो. कुटुंबाच्या आठवणी हीसुद्धा अशी सामाईक ठेव आहे. मग तिथे एकाची हौस सर्वांची संमती कशी ठरेल?

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्णय एकमताने दिला. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती आवश्यक मानली. पण व्यक्तीने केवळ वैयक्तिक किंवा घरगुती कारणासाठी केलेल्या वापराला हा कायदा लागू होत नाही. म्हणजे घराच्या उंबरठ्याच्या आत विवेकानेच पहारा करायचा आहे. लहानग्याचा रडतानाचा फोटो आपण कौतुकाने शंभर जणांना पाठवतो, तेव्हा मोठेपणी त्याला तो आवडेल का, असा विचार मनात येतो का?

यावर कोणी म्हणेल, घरातले सारे झाकत गेलो तर अन्यायही झाकला जाईल. हे म्हणणे खरे आहे. 'घरातली गोष्ट बाहेर नको' असे सांगून कितीतरी सुनांना गप्प केले गेले आहे. म्हणून मौन कोणाचे रक्षण करते, हे पाहिले पाहिजे. ज्याने अन्याय केला त्याला वाचवणारे मौन हा अधर्म आहे. ज्याने सोसले त्याने स्वतः निवडलेले मौन हा त्याचा अधिकार आहे. ते मौन केव्हा आणि कोणासमोर सोडायचे, हे सोसणाऱ्यानेच ठरवावे. बोलायचे ठरले तर त्याच्या पाठीशी उभे राहणे, हे आपले काम.

म्हणून परिजनहो, घरातले काही चारचौघांत मांडण्यापूर्वी स्वतःला तीन प्रश्न विचारू या. यात ज्याचे नाव किंवा चेहरा आहे, त्याला विचारले का? त्याला 'नको' म्हणणे सोपे जाईल, असे आपण विचारले का? आणि याची किंमत कोण मोजणार, मी की तो?

आम्ही चारही वह्यांच्या पूर्ण प्रती फक्त घरासाठी काढल्या. सर्वांसाठी एक छोटी पुस्तिका करत आहोत. त्यातली पाने आत्याने स्वतः वाचून निवडली. तिसऱ्या वहीतले ते प्रकरण त्यात नाही. पुस्तिका त्यामुळे थोडी फिकी झाली आहे, हे मला मान्य आहे.

दिवाळीत मात्र आत्याने ती वही मागून घेतली. माझ्या आतेबहिणीच्या लग्नाची बोलणी सुरू आहेत. देवघरासमोर बसून आत्याने तिला ते प्रकरण वाचून दाखवले. आम्ही बाकीचे तेव्हा बाहेरच्या खोलीत थांबलो होतो.