निष्ठा की नाइलाज?

पहिल्या नोकरीत मी दोन वर्षांचा बॉण्ड लिहून दिला होता. मध्येच दुसरीकडून चांगली ऑफर आली, पण बॉण्डची रक्कम भरायला पैसे नव्हते. थांबलो. वर्षअखेरीच्या कार्यक्रमात माझ्या ‘लॉयल्टी’चं कौतुक झालं. टाळ्या वाजल्या आणि मला लाज वाटली.

तेव्हा टॉम फिनी आठवला. १९२२ साली इंग्लंडमधल्या प्रेस्टन गावात जन्मलेला हा विंगर १९४६ ते १९६० गावच्याच प्रेस्टन नॉर्थ एंडकडून लीग खेळला. देशासाठी ७६ सामने, ३० गोल. जोडीला प्लंबिंगचा धंदा. ना लीगचं विजेतेपद, ना एफए कप. एकनिष्ठ खेळाडू म्हटलं की आजही त्याचं नाव निघतं.

पण १९५२ साली इटलीच्या पालेर्मो क्लबने त्याला बोलावलं होतं. करार करताच १०,००० पौंड, वर भरघोस पगार, राहायला बंगला, फिरायला गाडी. इंग्लंडमध्ये तेव्हा खेळाडूंच्या पगाराला कमाल मर्यादा होती. फिनी निवृत्त झाला त्या १९६० सालीही ती आठवड्याला २० पौंडच होती. शिवाय करार संपला तरी खेळाडूची नोंदणी क्लबच्याच ताब्यात. प्रेस्टनने ‘नाही’ म्हटलं आणि विषय संपला.

मग याला निष्ठा म्हणायचं का? मला वाटतं, नाही. ज्याला जाता येतं, त्याच्याच थांबण्याला निष्ठा म्हणता येईल. दार बाहेरून बंद करायचं आणि आतल्याला ‘किती घरकोंबडा, किती गुणी’ म्हणायचं, यात कौतुक कमी आणि सोय जास्त आहे.

म्हणून फिनी लहान होत नाही. थांबणं त्याच्या हातात नव्हतं, खेळणं होतं. तो उजव्या विंगवर खेळला, डाव्या विंगवर खेळला, पुढे सेंटर फॉरवर्डही झाला. १९४९ साली संघ खालच्या विभागात घसरला, तेव्हाही त्याने खेळात हात आखडता घेतला नाही. त्याचं स्वतःचं असं काही असेल, तर ते हे.

आज मी टीम लीड आहे. परवा एका ज्युनिअरचं अप्रेझल लिहायला बसलो. तीही बॉण्डमध्ये आहे. फॉर्ममध्ये ‘कंपनीवरील निष्ठा’ असा रकाना होता. मी तो रिकामा सोडला आणि तिने रात्री जागून सोडवलेल्या बगबद्दल खालच्या रकान्यात सविस्तर लिहिलं.

रिकाम्या रकान्याबद्दल एचआरचा मेल आलाय. उत्तर अजून दिलेलं नाही.