ऐंशी हजार हरकतींचे वजन

गोरेगावच्या आरे वसाहतीत मेट्रो-३ च्या कारशेडसाठी झाडे तोडायला महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाने ऑगस्ट २०१९ मध्ये मंजुरी दिली, तेव्हा प्रस्तावावर ८०,००० हून अधिक हरकती-सूचना आलेल्या होत्या. ४ ऑक्टोबरला उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री करवती चालू लागल्या. ७ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबवली तोवर २,१४१ झाडे पडली होती. पुढचा वाद बराचसा आकड्यांचाच झाला. एवढे लोक विरोधात असताना मंजुरी मिळालीच कशी, असे एक बाजू विचारी. दुसरी म्हणे, पुष्कळ ईमेल एकाच साच्यातले. शिवाय लोकलला लटकणारे लाखो प्रवासी हरकती लिहायला बसत नाहीत. दोघांचे गृहीतक एकच होते: ज्याच्या मागे माणसे जास्त, त्याची बाजू न्याय्य. ते तपासून पाहिले पाहिजे.

ब्रिटनमध्ये १९८३ पासून सामाजिक दृष्टिकोनांची सर्वेक्षणे होत आली आहेत. त्या दशकात बहुसंख्य लोक समलिंगी संबंध चूक मानत. पुढे बहुमत फिरले. बहुमत हीच नीती असेल, तर तेच प्रेम आधी पाप होते आणि नंतर निष्पाप झाले, असे म्हणावे लागेल. प्रेम करणाऱ्यांनी मधल्या काळात काहीच वेगळे केलेले नसताना! १९६५ साली तिथल्या संसदेने खुनासाठीची फाशी स्थगित केली, तेव्हाही लोकमत फाशीच्याच बाजूचे होते. लोक काय मानतात हे सर्वेक्षण सांगते. ते मानणे बरोबर की चूक, हे कारणे तपासल्याशिवाय कळत नाही.

मग निर्णय कोणी घ्यायचा, तज्ज्ञांनी? हा आक्षेप खरोखर वजनदार आहे, कारण लोकांना काय कळते म्हणणाऱ्यांनी फार अन्याय केले आहेत. पण प्रश्नाप्रश्नांत फरक असतो. १६ जानेवारी १९६७ ला जनमत कौलात गोव्याने महाराष्ट्रात विलीन व्हायला नकार दिला. तिथे लोकांची इच्छा हाच प्रश्नाचा गाभा होता, म्हणून मोजणी हेच उत्तर होते. इतरत्र बहुमत निर्णयाचा अधिकार देते, कारणे देण्यातून सूट देत नाही. आरेतल्या वारली पाड्यांची माणसे मुंबईच्या कुठल्याही सर्वेक्षणात दशांशचिन्हाच्या उजवीकडेच जाणार. वाघोबा या देवावरची त्यांची श्रद्धा ‘पूर्ण सहमत’ ते ‘पूर्ण असहमत’ अशा चौकटींत बसवली की तिची नुसती आवडनिवड होते. अर्थात देवाचे नाव घेतले म्हणून वाद संपत नाही. डब्यात चेंगरणाऱ्या प्रवाशाचे कारणही खरेच आहे. म्हणून प्राधिकरणाकडून अपेक्षा ठेवायची ती प्रत्येक वेगळ्या कारणाला लेखी उत्तराची. एकाच मजकुराच्या हजारो पत्रांना एक उत्तर पुरे. पाड्यावरून वेगळे कारण सांगणारे एकच पत्र आले असले, तरी त्याला स्वतंत्र उत्तर हवे.