साखरेखालचा जोड

हैदराबादच्या सुलतान बाजारातील एखाद्या मराठी घरी लग्नाच्या वाढदिवसाला हृदयाच्या आकाराचा केक करायचा, तर निराळा साचा लागत नाही. २० सेंटिमीटरच्या चौकोनी डब्यात एक व तितक्याच व्यासाच्या गोल डब्यात दुसरा केक भाजावा. चौकोनाचा एक कोपरा आपल्याकडे करावा. गोल मधोमध कापून त्याचे दोन भाग पलीकडच्या दोन बाजूंना लावावेत. आयसिंगखाली जोड दिसत नाही.

परंतु पतिपत्नीत अबोला असताना असा केक करणे हे ढोंग नव्हे काय? जोड झाकणे हे ढोंग नव्हे. क्षमाही तेच करते. कच्चा केक साखरेने झाकणे हे ढोंग. म्हणून सजविण्यापूर्वी केकमध्ये सुई खुपसून पाहावी आणि आपले अंतःकरणही तसेच तपासावे. आत राग ओला असेल, तर साखर बाजूला ठेवून आधी बोलावे.